ज्या गटापाशी तुम्ही बसणार नाही, त्याचं टाचण आधी

पहिली-दुसरीवर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचं टाचण, म्हणजे पाठाचं आधी लिहून ठेवलेलं नियोजन, बहुतेक एकाच वळणाचं असतं. घटकाचं नाव, अध्ययन निष्पत्ती (शेवटी मुलाला काय यायला हवं ते), साहित्य आणि मग एखादा छान उपक्रम, कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेला किंवा शिक्षण परिषदेत ऐकलेला. उपक्रम वाईट नसतो. पण आपल्याकडच्या, विदर्भातल्या दोनशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे असतात, आणि टाचणात लिहिलेलं असतं ते त्यातल्या एकाच वर्गाचं. पहिलीला घेऊन तुम्ही खाली बसलात की दुसरीची बारा पोरं काय करणार, याबद्दल कागदावर एक ओळही नसते. फार तर ‘पाठ लिहून काढणे’.

उपक्रम फसतो तो इथे. सात मिनिटांत दुसरीतलं कुणीतरी ‘मॅडम झालं’ म्हणत वही घेऊन येतं, मागोमाग आणखी चौघं येतात, आणि पहिलीचा खेळ अर्धवट राहतो. म्हणून टाचणाचा क्रम उलटा करा. आधी ज्या गटापाशी तुम्ही बसणार नाही त्याचं काम ठरवा, मग ज्याच्यापाशी बसणार आहात त्याचं.

स्वतंत्र गटाच्या कामाला काही अटी आहेत आणि त्या सगळ्या पाळाव्या लागतात. ते काम मुलांनी तुमच्यासोबत आधी तीन-चार वेळा केलेलं असावं. नवी गोष्ट स्वतंत्र गटाला कधीही देऊ नये. सूचना वाचायची गरज पडू नये. चूक झाली तर ती मुलाला स्वतःलाच दिसावी, म्हणजे विचारायला तुमच्याकडे यावं लागत नाही. आणि काम पंधरा मिनिटं पुरावं, म्हणजे एकदा संपलं तरी पुन्हा वेगळ्या रीतीने करता यावं. ‘पाठ लिहून काढणे’ यातल्या शेवटच्या दोन्ही अटींत बसत नाही.

सगळ्या अटींत बसणारं सोपं साहित्य म्हणजे जोडीची कार्डं. गावात लग्नसराईनंतर जुन्या लग्नपत्रिका ढिगाने मिळतात. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी. एका पत्रिकेतून साधारण 12 सेंमी लांब आणि 5 सेंमी रुंद पट्टी कापायची. डाव्या अर्ध्यात चित्र, उजव्या अर्ध्यात शब्द, आणि मधून नागमोडी किंवा दातेरी काप. बरोबर जोडी लावली तरच कडा जुळतात. यात नेहमी होणारी चूक अशी की सगळ्या पट्ट्या एकाच साच्याने कापल्या जातात. मग कुठलंही चित्र कुठल्याही शब्दाला बसतं आणि कार्डाचा उपयोगच संपतो. प्रत्येक काप वेगळा हवा: एकाला दोन दात, एकाला एक खोल वळण, एकाला तिरका छेद. दुसरी चूक चित्राची. बैल आणि गाय ओळखू येण्यासारखी काढता येत नसतील तर ती टाळा, कवठ, बंडी, विळा, घागर अशी ठसठशीत आकाराची चित्रं घ्या. चार मुलांच्या गटाला 12 जोड्या पुरतात. जास्त दिल्या की निम्म्या खाली सांडतात आणि वेळ शोधण्यात जातो.

दोन आठवड्यांनी मुलं कडा बघूनच जोड्या लावायला लागतात, शब्दाकडे बघतच नाहीत. हे होणारच. तेव्हा त्याच शब्दांची सरळ कापलेली कार्डं काढा आणि दातेरी कार्डं तपासायला बाजूला ठेवा.

तुराटीच्या काड्या, आणि एकोणतीसचा घोळ

निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात पहिलीच्या शेवटी मुलाला 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि दुसरीच्या शेवटी 999 पर्यंतच्या, असं लक्ष्य आहे. तिथवर जाण्यासाठी दशकाची समज लागते, आणि ती समज फळ्यावर ‘द’ (दशक) आणि ‘ए’ (एकक) असे रकाने आखून येत नाही. मुलाने स्वतःच्या हाताने दहा-दहाचे गठ्ठे बांधावे लागतात, तेही भरपूर वेळा.

साहित्य विकत घेऊ नका. तूर निघाल्यावर जळणासाठी घराघरापुढे तुराटी रचून ठेवलेली असते. त्यातल्या पेन्सिलीपेक्षा बारीक, सरळ फांद्या निवडा आणि साधारण 10 सेंमीचे तुकडे करा. टोकं खरबरीत दगडावर किंवा ओट्यावर घासून घ्या. हे घासणं टाळू नका, कारण कापलेल्या टोकाची फास मुलाच्या बोटात गेली की ते मूल आठवडाभर काड्यांना हात लावत नाही. वीस मुलांसाठी चौघांचे पाच गट धरले तर गटाला 60 प्रमाणे 300 काड्या लागतात. साधी रबरं उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात. त्यापेक्षा सायकलची जुनी ट्यूब आणा आणि तिच्या अर्धा सेंमी रुंदीच्या चकत्या कापा. एका वेढ्यात ती सैल बसते, दोन वेढे दिले की दहा काड्या घट्ट धरते. अशा 30 चकत्या कापायला अर्धा तासही लागत नाही आणि त्या वर्षभर टिकतात. जुलै-ऑगस्टात काड्यांना बुरशी धरते, म्हणून गोणीत न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि उघाड पडली की तासभर उन्हात पसरा.

आता खेळ. प्रत्येक मुलाने एका मुठीत मावतील तेवढ्या काड्या घ्यायच्या. किती असतील ते आधी अंदाजाने सांगायचं. मग मोजायचं, दहा झाल्या की चकती लावायची. उरलेल्या सुट्या. बोलायचं एवढंच: ‘एक गठ्ठा, सात सुट्या.’ पहिले तीन-चार दिवस ‘सतरा’ हा शब्दही आणू नका. मग जोडीदाराने गठ्ठा सोडून पुन्हा मोजायचा. नऊ किंवा अकराचे गठ्ठे निघतात, निघू द्या, जोडीदार बरोबर पकडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी गठ्ठे डावीकडे आणि सुट्या काड्या उजवीकडे ठेवायला लावा, त्यांच्याखाली पाटीवर आकडे लिहायला लावा.

वेळ वाचवायला शिक्षक स्वतः गठ्ठे बांधून आणतात. ते नको. ज्या मुलाने गठ्ठा बांधलेला नाही त्याच्या दृष्टीने तो एक नग असतो. मग तीन गठ्ठे आणि चार सुट्या बघून ते ‘सात’ म्हणतं. त्याच्या हिशोबाने ते बरोबरच असतं.

दुसरी अडचण आपल्या संख्यानामांची आहे. चोवीस म्हणताना आधी चार ऐकू येतात आणि मग वीस, म्हणून ऐकून लिहिणारं मूल 42 लिहितं. त्याला ‘नीट लक्ष दे’ म्हणून काही होत नाही, कारण त्याने लक्षच दिलेलं असतं. एकोणतीस, एकोणचाळीस तर त्याहून अवघड: नाव तिसाचं आणि गठ्ठे दोन. तिथे तीन गठ्ठे मांडा, तिसऱ्याची चकती काढा आणि एक काडी उचलून घ्या. उरले ते एकोणतीस. हे प्रत्येक एकोण-संख्येला निदान दोनदा करावं लागतं. पाठांतराने मुलं म्हणतात बिनचूक आणि लिहिताना एकोणतीसचे 39 लिहितात.

बिया वापरताना

मोजायला, वर्गीकरणाला, आकार भरायला बिया फार कामाच्या. चिंचोके, सीताफळाच्या बिया, वाल हे सगळं फुकट मिळतं. गावातलंच साहित्य बालशिक्षणात वापरायची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच करून दाखवलं. मात्र आपल्या भागात काही गोष्टी वर्गात येताच कामा नयेत.

गुंजा दिसायला सुंदर, लालभडक, मुलं हौसेने आणतात. पण गुंजेची बी चावली गेली तर विषारी आहे. एरंडीच्या बियांचं तसंच, धोत्र्याच्याही. पेरून उरलेलं बियाणं, मग ते कपाशीचं असो की सोयाबीनचं, कधीही वापरू नका. पाकिटातल्या बियाण्याला औषधाचा लेप असतो, म्हणूनच ते गुलाबी, लाल, निळं दिसतं. नेमका तोच रंग मुलांना ओढतो. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे आणि बाटल्या रंग कालवायला किंवा पाणी भरायला घेऊ नका, कितीही धुतल्या तरी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. ते डबे मात्र अजून घरोघरी धान्याच्या मापाला वापरलेले दिसतात. मुलांनी घरून डबा आणला तर आधी तो कशाचा ते विचारा.

लहान भावंडांना घेऊन येणारी मुलं असतातच, कापूस वेचणीच्या दिवसांत जास्तच. तीन वर्षांखालचं मूल वर्गात असेल त्या दिवशी बिया काढू नका, काड्या किंवा कार्डं काढा. बी नाकात-कानात गेली तर पिन, काडी, चिमटा घालून काढायचा प्रयत्न कुणीही करू नये, ती आणखी आत जाते. नाकात ओलाव्याने वाल फुगतो आणि अडकतो. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बिया मोजून द्याव्या आणि मोजूनच परत घ्याव्या. मोजणीचा सराव होतो आणि एखादी कमी असेल तर लगेच कळतं.

सुरुवात आणि आवरणं

चाळीस मिनिटांची तासिका असेल तर उपक्रमाला प्रत्यक्ष पंचवीसच धरा. पाच मिनिटं बसायला आणि सांगायला, पाच आवरायला, आणि पाच जातातच: कुणाला लघवीला जायचं असतं, कुणाची आई दाराशी आलेली असते. चाळीसच्या चाळीस मिनिटांचं टाचण लिहिलं की आवरण्याचा वेळ पुढच्या तासिकेतून चोरावा लागतो.

साहित्य हातात दिलं की सूचना ऐकणं संपतं. म्हणून आधी सांगा, मग एकदा करून दाखवा, मग एका मुलाकडून सगळ्यांसमोर करून घ्या, आणि त्यानंतरच साहित्य वाटा. एका वेळी एकच कृती सांगा. ‘कार्डं घ्या, जोड्या लावा, झाल्यावर वहीत लिहा’ या वाक्यातलं सहा वर्षांच्या मुलाला फक्त शेवटचं किंवा फक्त पहिलं आठवतं. वाटप तुम्ही करू नका. प्रत्येक गटाची एक टोपली किंवा सुपली ठेवा, त्यात मोजून साहित्य भरलेलं असू द्या, गटातलं एक मूल येऊन नेईल आणि तेच परत आणेल. ते मूल दर आठवड्याला बदला, नाहीतर वर्षभर तीच दोन चटपटीत पोरं टोपली नेतात आणि मागे बसणारी मागेच राहतात.

थांबायची खूण ओरडून करू नका. टाळ्यांचा एक ठरलेला ताल घ्या, दोन संथ आणि तीन जलद. ऐकलेल्याने तोच ताल परत द्यायचा. ही खूण पहिल्या आठवड्यात खेळ म्हणून रोज दहा वेळा घ्यावी लागते, तेव्हा कुठे ती ऑगस्टात कामी येते.

आणि लवकर संपवणारी मुलं. त्यांना पाणी आणायला, फळा पुसायला पाठवायची सवय सोडा, कारण हुशार मूल त्यातून लवकर उरकायला शिकतं. खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवा: चित्रांची पुस्तकं, ओवायला मणी आणि सुतळी, पाठकोरे कागद. विचारून घ्यायची गरज नको.

पाऊस, बाजार, ऊन

विदर्भातली शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडते आणि उघडते ती पावसातच. पत्र्याच्या छतावर जोराची सर आली की तुमचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही. गोष्ट, गाणं, ध्वनीचे खेळ तेव्हा चालत नाहीत आणि ओरडून घसा बसतो तो वेगळा. म्हणून बोलण्याविना चालणारा एक उपक्रम कायम तयार ठेवा. जोडीची कार्डं आहेतच, किंवा फळ्यावर तुम्ही एक रेघ काढायची आणि प्रत्येकाने येऊन एक-एक रेघ वाढवत चित्र पुरं करायचं. जमीन ओली असेल तर बसायच्या पट्ट्या अंथरून बसवायच्या जागा आधी ठरवा, गळणाऱ्या कोपऱ्याखाली साहित्याचा डबा ठेवू नका.

आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी अर्ध्यावर येते. दिवाळीनंतर कापूस वेचणीत तर कित्येक दिवस येते. नवा घटक त्या दिवशी सुरू करू नये, कारण न आलेल्यांसाठी तो पुन्हा घ्यावा लागतो आणि आलेली मुलं कंटाळतात. तो दिवस मागे पडलेल्यांसोबत बसायचा. चार मुलं असली तर चारांसोबत काड्या घेऊन बसा, यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

पोषण आहार शिजत असताना, खिचडीचा वास आला की बारीक कामात मन राहत नाही. जेवणाआधीचा अर्धा तास गाणी, उड्या, रांगेचे खेळ यांना द्या. वाचन आणि संख्या सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत. मार्चपासून सकाळची शाळा लागली की साडेनऊनंतर अंगणातले उपक्रम बंद. टीव्ही किंवा मोबाइलवर अवलंबून असलेल्या उपक्रमाला वीज नसतानाचा दुसरा पर्याय टाचणातच लिहून ठेवा.

पिशवीतला आवाज

वाचनाच्या आधी शब्दातला पहिला आवाज ऐकू यायला हवा. कापडी पिशवीत पाच-सहा वस्तू टाका: कापूस, कणीस, कवठ, कात्री, आणि मधेच मिरची. मूल हात घालून वस्तू काढतं, नाव सांगतं, सगळे मिळून पहिला आवाज म्हणतात. ‘क’ नसलेली वस्तू कोणती ते शोधायचं. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. मुलं घरचं नाव सांगतील. तुम्ही कोथिंबीर धरली असेल आणि ते ‘सांबार’ म्हणालं तर ‘स’च्या ढिगात ठेवा. आवाज ऐकणं हे काम आहे आणि ते त्याने बरोबर केलं. कोरकू, गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणारी मुलं असतील तर वस्तूचं त्यांच्या घरचं नाव आधी त्यांनाच विचारा, ते वर्गात सगळ्यांकडून म्हणून घ्या, मग मराठी नाव द्या.

अक्षरांचा क्रम ठरवताना ‘ळ’ आणि ‘ण’ मागे ठेवा. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, पाण्याचं पानी होतं. जो आवाज मूल घरी ऐकतच नाही त्याचं अक्षर पहिल्या महिन्यात दिलं तर ते गोंधळतं. आणि ‘फया’ म्हणणाऱ्याला मधे थांबवून ‘फळा म्हण’ असं करू नका. तुम्ही तुमच्या बोलण्यात फळा म्हणत राहा. दुरुस्त केलेलं मूल दुसऱ्या दिवशी बोलतच नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार कठीण जातं.

पोळ्याचे बैल

तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. लाकडी बैल सगळ्यांच्या घरी नसतो, म्हणून मातीचा बैल वर्गात घडवायचा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. पण आपली काळी माती त्याला एकटी चालत नाही. ती ओली असताना फुगते आणि वाळताना इतकी आकसते की बैलाचे तुकडे होतात. कुंभाराकडची माती मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर काळी माती वाळवून, कुटून, चाळून घ्या, तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली रेती घाला, मळा आणि ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा. मूठभर गोळा वळून बोटाने दाबला तर कडेला भेगा पडू नयेत आणि हाताला चिकटूही नये. भेगा पडल्या तर पाणी कमी, चिकटली तर रेती कमी. एका मुलाला दोन मुठी माती पुरते.

पाय काडीसारखे बारीक केले की मोडतात. अंगाचा गोळा लांबट करून त्यातूनच चार जाड पाय ओढून काढायला शिकवा. शिंगं वेगळी लावायची असतील तर दोन्ही जागा काडीने ओरखडा, चिखलाचा थेंब लावा आणि मग दाबा. नुसती चिकटवलेली शिंगं वाळताना गळतात, कारण बारीक भाग आधी वाळतो आणि जाड भागापासून सुटतो. उन्हात ठेवू नका, सावलीत तीन-चार दिवस, पावसाळी हवेत त्याहून जास्त. म्हणून पोळ्याच्या आठ दिवस आधी घडवा. रंगाला गेरू आणि चुना. चुना तुम्हीच लावा, मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. दोनचार बैल फुटतीलच, तेवढे जास्तीचे घडवून ठेवा, म्हणजे ज्याचा फुटला ते मूल मिरवणुकीत रिकाम्या हाताने जाणार नाही.

नोंदींबद्दल थोडकंच. रोज सगळ्यांची नोंद करायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल. रोज चारच मुलं निवडा. एका कागदावर सगळी नावं लिहा आणि पुढे तीन खुणा ठरवा: एकट्याने जमलं, मदतीने जमलं, अजून नाही. स्वतंत्र गटाकडे तुम्ही एकदा फेरी मारता तेव्हाच ही खूण करायची, नंतर आठवून नाही. शनिवारी कागद बघा. ज्यांच्यापुढे ‘अजून नाही’ आहे त्यांचा सोमवारचा गट तुमच्यापाशी, आणि ज्याच्या नावापुढे दोन आठवडे कसलीच खूण नाही, ते मूल त्या गटात सगळ्यात आधी घ्यायचं.